पादोवाचा सालोने: आठशे वर्षांच्या बाजारात एक सकाळ कशी घालवावी

व्हेनिसला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा बेत बहुतेक ठरलेला असतो. गोंडोला, सान मार्कोचा चौक, काचेचं सामान, संध्याकाळची गाडी. त्यातली एक सकाळ वाचवा आणि अर्ध्या तासावरच्या पादोवाला जा, असं मी भेटेल त्याला सांगत असते. तिथे शहराच्या मधोमध एक प्रचंड इमारत उभी आहे, पालाझ्झो देल्ला राज्जोने. १२१८-१९ साली ती उभी राहिली तेव्हा वरच्या मजल्यावर न्यायालय होतं आणि खाली दुकानं. न्यायालय १७९७ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाबरोबर संपलं. दुकानं अजून आहेत. गावचे लोक या बाजाराला ‘सोत्तो इल सालोने’ म्हणतात, म्हणजे ‘मोठ्या दालनाखाली’. आजही पादोवाची माणसं घरचं चीज आणि मटण तिथूनच नेतात.

म्हणून हा बाजार नुसता बघायला जाऊ नका. पिशवी घेऊन जा, काहीतरी विकत घ्या. फोटो काढून परतणाऱ्याला इथलं निम्मंसुद्धा कळत नाही.

दिवस आणि वेळ

मंगळवार ते शुक्रवार यांतला कोणताही दिवस, आणि सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला पोचायचं. रविवारी बाजार बंद असतो. सोमवारी बाजार उघडा असला तरी वरचं दालन बहुधा बंद असतं, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय या जागेचा अर्थ लागत नाही. शनिवारी चौकातला बाजार दिवसभर चालतो, गर्दी भरपूर असते. गर्दीची आवड असेल तर शनिवार उत्तमच, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला दुकानदाराशी दोन शब्द बोलायचे असतात. शनिवारी त्याला तेवढी सवड नसते.

दुपारी एक-दीडनंतर भाजीवाले ठेले आवरायला घेतात. आतली काही दुकानंही दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात. ‘जेवून मग जाऊ’ हा विचार इथे नडतो. ऑगस्टच्या मध्यावर, १५ तारखेच्या सणाच्या आगेमागे, अर्धं गाव सुटीवर गेलेलं असतं. त्या आठवड्यात जायची वेळ आलीच तर बरीच शटर खाली दिसतील.

पोचायचं कसं

व्हेनिसच्या सान्ता लुचिया स्थानकावरून पादोवाला दिवसभर गाड्या आहेत. साध्या ‘रेजोनाले’ गाडीला आरक्षण लागत नाही, वेळ अर्धा तास किंवा थोडी कमीच. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी ते फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. तिकीट काढलेलं असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

पादोवा स्थानकातून सरळ दक्षिणेकडे चालत निघालं की पंधरा-वीस मिनिटांत बाजार येतो. वाटेत डाव्या हाताला एक बाग लागते. तिच्यात स्क्रोवेन्यी चॅपेल आहे. जोत्तो या चित्रकारानं १३०३ ते १३०५ च्या दरम्यान रंगवलेली भित्तिचित्रं त्यात आहेत. तिथे आधी आरक्षण केल्याशिवाय आत सोडत नाहीत. थोड्या थोड्या लोकांना ठरलेल्या वेळी आत घेतात, आणि आधी एका बंद खोलीत बसवतात, म्हणजे बाहेरची दमट हवा आत जाऊ नये. ही वेळ दुपारची घ्या. सकाळ बाजारासाठी मोकळी राहते आणि हातात ताजं मासळी-मटण घेऊन चॅपेलमध्ये शिरायचा प्रसंग टाळायचा असेल तर तशी खरेदी त्या दिवशी करूच नका.

चालायचं नसेल तर स्थानकासमोरून ट्राम मिळते, ‘पोंती रोमानी’ थांब्यावर उतरायचं. भाड्याची मोटार घेऊन येणार असाल तर ती शहराबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवा. जुन्या भागात परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही, कॅमेरे बसवलेले आहेत, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी थेट भारतात घरी येते.

आधी मापं बघा

बहुतेक लोक थेट फळांच्या रंगांकडे ओढले जातात. तुम्ही आधी इमारतीच्या पूर्व टोकाला जा. तिथे हा वाडा आणि नगरपालिकेची इमारत यांना जोडणारी एक कमान आहे, व्होल्तो देल्ला कोर्दा, म्हणजे दोरखंडाची कमान. तिच्याखाली भिंतीतल्या पांढऱ्या दगडांवर जुनी मापं कोरलेली आहेत. वीट केवढी असावी, कौल केवढं असावं, धान्याचं माप किती. गिऱ्हाइकाला शंका आली की तो माल घेऊन इथे यायचा आणि दगडाशी ताडून बघायचा. या कोपऱ्याला बोलीभाषेत ‘थापांचा कोपरा’ असंही म्हणत.

मला हा सगळ्या बाजारातला सर्वांत महत्त्वाचा दगड वाटतो. कारण खाली फसवणूक झाली तर दाद मागायला वरचा मजला होताच. माप भिंतीत, न्याय डोक्यावर आणि दोघांच्या मध्ये दुकान. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढची सगळी इमारत आपोआप उलगडत जाते.

वर जाणाऱ्या चार जिन्यांची नावंही ध्यानात ठेवा. भाजीचा जिना, दारूचा जिना, लोखंडी सामानाचा जिना आणि पाखरांचा जिना. ज्याच्या पायथ्याशी जो माल विकला जायचा, त्याचं नाव जिन्याला पडलं.

दोन चौक

वाड्याच्या दक्षिणेला पियाझ्झा देल्ले एर्बे आणि उत्तरेला पियाझ्झा देल्ला फ्रुत्ता, म्हणजे भाजीचा चौक आणि फळांचा चौक. ताजी भाजी आणि फळं मुख्यतः भाजीच्या चौकात. एक फेरी काहीही न घेता मारा. कुठल्या ठेल्यापुढे पिशवीवाल्या आज्या थांबल्या आहेत ते बघा आणि त्याच रांगेत उभे राहा.

आता आपल्या सवयींबद्दल. भेंडीचं टोक मोडून बघायचं, टोमॅटो दाबून बघायचा, पेरूचा वास घ्यायचा, हे आपल्याकडे चोखंदळपणाचं लक्षण. इथे मालाला हात लावायचा नाही. बोटानं दाखवायचं आणि विक्रेता निवडून देतो. आज खायचं आहे की दोन दिवसांनी, एवढं त्याला सांगितलं की तो त्या हिशेबानं पिकलेलं किंवा कच्चट फळ काढतो, आणि बहुधा तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं काढतो. भावात घासाघीस करायची नाही. लिहिलेला भाव हाच भाव. मात्र नियमित गिऱ्हाइकाला मूठभर पार्स्ली फुकट मिळते, आपल्याकडे कोथिंबीर-मिरची मिळायची तशी.

काय घ्यायचं ते ऋतूवर ठरतं. हिवाळ्यात गेलात तर रादिक्यो बघितल्याशिवाय येऊ नका. ही कडसर चवीची पालेभाजी या प्रांताचा अभिमान आहे. क्योज्जाचा रादिक्यो गोल, कोबीसारखा. कास्तेलफ्रांकोचा फिकट पिवळसर, त्यावर लालभडक शिंतोडे, एखादं फूल ठेवल्यासारखा दिसतो. आणि त्रेव्हीसोचा उशिराचा रादिक्यो, ज्याची लांब पानं टोकाला आत वळलेली असतात. हा थंडी पडल्यावर मुळासकट उपटतात, मग अंधारात झऱ्याच्या वाहत्या पाण्यात मुळं बुडवून ठेवतात. आतून नवी कोवळी पानं फुटली की बाहेरची काढून टाकतात. इतकी मेहनत असल्यामुळे तो महाग असतो. ज्यांना मेथीचा कडवटपणा आवडतो त्यांना तो नक्की आवडेल.

वसंतात, एप्रिल-मेमध्ये, बास्सानोचा पांढरा शतावरीचा कोंब येतो. मातीचा ढीग घालून उजेड न लागू देता वाढवलेला, म्हणून पांढरा. त्याच सुमाराला पाण्याच्या बादलीत तरंगणाऱ्या पांढरट चकत्या दिसतील. त्या आर्टिचोक नावाच्या काटेरी भाजीच्या बुडख्याच्या. काटेरी भाग विक्रेत्यानं कापून टाकलेला असतो आणि काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात लिंबू पिळलेलं असतं.

शरद ऋतूत ‘जुज्जोले’ शोधा. तपकिरी, सुरकुतलेली, आतून गोडसर फळं. हातात घेतलीत की ओळख पटेल, हे आपल्या बोराचं सख्खं भावंड. पादोवाजवळच्या एउगानेई टेकड्यांत आर्क्वा पेत्रार्का नावाचं गाव यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. कुणाला आनंदाचं भरतं आलं की इटालियन लोक म्हणतात, तो ‘जुज्जोलेच्या रसात’ गेला. बोरांवरून असा वाक्प्रचार करणारी भाषा मला एकदम जवळची वाटली.

आत शिरल्यावर

वाड्याच्या पोटातून लांबीच्या दिशेनं गल्ल्या जातात. दोन्ही बाजूंना लहान लहान दुकानं आणि मधून एक आडवी वाट, जिच्यातून एका चौकातून दुसऱ्या चौकात जाता येतं. चीज, खारवलेलं मांस, खाटीक, ताजा पास्ता, पाव, सुकवलेला कॉड मासा, कॉफी, वाईन. पाऊस असो की ऊन, आत सारखाच गारवा.

पहिला शब्द ‘बोंजोर्नो’. तो म्हटल्याशिवाय काही मागायचं नाही, तिथे ते उद्धटपणाचं समजतात. नंबराचं यंत्र असेल तर चिठ्ठी काढा. नसेल तर ‘की ए लुल्तिमो?’ असं विचारा, म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं, त्याच्यानंतर तुम्ही. रांग दिसत नसली तरी ती सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते.

मग सर्वांत उपयोगी शब्द: ‘एत्तो’. म्हणजे १०० ग्रॅम. चीज आणि मांस एत्तोवर विकतात. पाटीवर ‘२,५० एत्तो’ लिहिलं असेल तर किलोचा भाव २५ युरो झाला. दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. नवखा माणूस किलोचा भाव समजून खूश होतो आणि बिल बघून गप्प होतो. चवीपुरतं हवं असेल तर ‘उन एत्तो’, दोघांच्या न्याहारीला ‘दुए एत्ती’. जास्त कापायला लागला तर ‘उन पो मेनो’, जरा कमी. झालं की ‘बास्ता कोझी’. चव बघायची असेल तर ‘पोस्सो अस्साज्जारे?’ विचारा. चीजवाले सहसा नाही म्हणत नाहीत, पण चव घेऊन काहीच न घेता निघून जाऊ नका.

चीजमध्ये इथलं घ्यायचं ते आस्याग्गो. जवळच्या पठारावरचं. त्याचे दोन अवतार आहेत. ताजं आस्याग्गो तीन आठवड्यांतच विक्रीला येतं, मऊ आणि दुधाळ. जुनं मुरवलेलं असतं आणि त्याचे टप्पे नावावरून कळतात: ‘मेत्सानो’ चार महिन्यांपुढचं, ‘व्हेक्यो’ दहा महिन्यांपुढचं, ‘स्त्राव्हेक्यो’ पंधरा महिन्यांपुढचं. एकाच दुकानातून ताजं आणि व्हेक्यो अर्धा-अर्धा एत्तो घ्या आणि एकापाठोपाठ एक खाऊन बघा. वेळ चीजला काय करते ते एवढ्या थोड्या पैशांत दुसरीकडे समजत नाही.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

‘मांस नको’ एवढं सांगून इथे भागत नाही. कडक चीज बनवताना दूध विरजायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. ग्राना पादानो आणि पार्मिजानो यांच्या नियमांतच ते आहे, त्यामुळे ‘शाकाहारी ग्राना पादानो’ असा प्रकार नसतो. ग्राना पादानोत बहुधा अंड्यापासून मिळणारं एक प्रथिनही असतं, लेबलावर ‘लिझोझीमा’ असं लिहिलेलं दिसेल. हे चालत नसेल तर ‘काल्यो व्हेजेताले?’ असं विचारा, म्हणजे वनस्पतिजन्य विरजण आहे का. मास्कारपोने हा एक सोपा पर्याय. साय तापवून त्यात आंबट घालून ते घट्ट करतात, रेनेट लागत नाही.

बिगोली हा इथला जाड, शेवेसारखा पास्ता. पितळी सोऱ्यातून दाबून काढतात, तो सोऱ्या बघून आपल्या चकलीच्या दिवसांची आठवण येते. ‘बिगोली इन साल्सा’ नावाचा पदार्थ कांद्याचा दिसतो, रंगही कांद्याचाच. त्यात खारवलेले मासे विरघळवलेले असतात. एका खानावळीत विचारून घेतल्यावरही मला तो ‘फक्त कांदा’ म्हणून वाढला होता. तेव्हापासून मी ‘अच्चुगे’ म्हणजे अँचोव्ही हा शब्द उच्चारूनच विचारते. घेवड्याच्या रश्श्यातला पास्ता मागवतानाही डुकराची चरबी किंवा कातडी आहे का ते विचारा. पावाच्या लेबलावर ‘स्त्रुत्तो’ दिसलं तर ती डुकराची चरबी.

मांसाहारी असलात तरी पाट्या वाचायला शिका. मान्झो म्हणजे गोमांस, व्हितेल्लो म्हणजे वासरू, मायाले म्हणजे डुक्कर, पोल्लो म्हणजे कोंबडी. आणि काव्हाल्लो म्हणजे घोडा. पादोवात घोड्याचं मांस जुन्या काळापासून खातात. ‘स्फिलाच्ची’ नावाचे गडद लाल, केसांसारखे बारीक तंतू दिसतील, ते घोड्याचंच वाळवलेलं मांस. पिझ्झावर आणि सॅलडवरही घालतात, म्हणून शब्द लक्षात ठेवा. ‘मुस्सो’ म्हणजे इथल्या बोलीत गाढव.

मग वर चढा

खरेदी आटोपली की वरच्या दालनात जा. प्रवेश भाजीच्या चौकाच्या बाजूनं आहे, तिकीट लागतं. तासभर हाताशी ठेवा.

दालन सुमारे ८० मीटर लांब आणि २७ मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. डोक्यावर उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या तळासारखं लाकडी छत. १३०६ पासून हे छत उभारायचं काम फ्रा जोव्हान्नी देल्यी एरेमितानी या साधूनं केलं. १४२० मध्ये आग लागली आणि त्यात जोत्तोची चित्रं गेली. १७५६ च्या ऑगस्टमध्ये वावटळीनं छतच उचलून नेलं, तेव्हा बार्तोलोमेओ फेर्राचीना या कारागिरानं ते पुन्हा बसवलं. आज भिंतीवर दिसतात ती पंधराव्या शतकातली चित्रं, निकोलो मिरेत्तो आणि स्तेफानो दा फेर्रारा यांची. तीनशेहून जास्त चौकटी, बारा महिने, राशी, ग्रह आणि त्या त्या ग्रहाच्या लोकांचे धंदे. हा वाडा २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

खालच्या पट्ट्यात प्राणी शोधा. प्रत्येक न्यायासनाला प्राण्याचं नाव होतं, बैलाचं, घोड्याचं, उंटाचं, कोल्ह्याचं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपला खटला कुठे आहे ते चित्रावरून सापडायचं.

मग कोपऱ्यातल्या काळ्या दगडापाशी थांबा. हा ‘अपमानाचा दगड’. कर्ज फेडू न शकणाऱ्याला सदरा आणि चड्डी एवढ्यावर त्यावर तीन वेळा आपटून बसावं लागे आणि ‘माझं सगळं सोडलं’ असं म्हणावं लागे. मग शहराबाहेर हकालपट्टी. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्याआधी कर्जदाराला तुरुंगात कुजावं लागे. तो कायदा १२३१ मध्ये बदलून घेणारे म्हणजे संत आंतोनी, ज्यांचा सण वसई आणि गोव्यातली कॅथलिक घरं १३ जूनला साजरा करतात. त्यांची समाधी असलेली बॅसिलिका इथून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. खाली व्यापार बुडाला की माणूस जिना चढून याच दगडाशी यायचा, म्हणून बाजार बघून मगच इथे या.

दुसऱ्या टोकाला एक अवाढव्य लाकडी घोडा आहे, १४६६ च्या एका खेळासाठी केलेला. मुलांना तो फार आवडतो.

खायचं कुठे, न्यायचं काय

पाव, चीज, फळं हातात असतील तर दक्षिणेला प्रातो देल्ला व्हाल्लेपर्यंत चालत जा. लंबवर्तुळाकार मोठं मैदान, पाण्याचा कालवा आणि ७८ पुतळे. हिरवळीवर बसून खाता येतं. कचरा गोळा करायला वेगळी पिशवी ठेवा.

घरी नेण्यासाठी वाळवलेले पोर्चीनी मश्रूम, पोलेंताचं मक्याचं पीठ आणि व्हेरोनाकडचा ‘व्हियालोने नानो’ तांदूळ सोयीचे. हा तांदूळ आखूड आणि जाड असतो, रिसोत्तोसाठी. मसालेभातासाठी वापरू नका, गिचका होतो. प्रवासात चीज न्यायचं असेल तर ‘सोत्तोव्वुओतो’ सांगा, म्हणजे हवा काढून सीलबंद करून देतात. मऊ चीज आणि तेलाच्या बाटल्या विमानात हातातल्या सामानात अडवल्या जाऊ शकतात, त्या मोठ्या बॅगेत ठेवा. पैसे कार्डानं देता येतात, तरी लहान ठेल्यांसाठी सुटी नाणी असू द्या, आणि पावती घ्या. कापडी पिशवी आपली न्या, तिथे भाजीच्या पातळ पिशवीचेही पैसे पडतात.

संध्याकाळी गाडी उशिराची असेल तर फळांच्या चौकात परत या. सकाळचे ठेले गेलेले असतात आणि एका गाडीवर ‘फोल्पेत्ती’ मिळायला लागतात, उकडलेले लहान ऑक्टोपस, वर पार्स्लीचा हिरवा रस्सा आणि लिंबू. मासे खाणाऱ्यांनी एक वाटी घ्यावीच, कागदी ताटलीतून उभ्यानं खायची. शेजारच्या टेबलांवर स्प्रित्झ नावाच्या नारिंगी पेयाचे ग्लास असतात. त्यातलं आपेरोल हे मद्य १९१९ मध्ये याच पादोवाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आलं. परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात, पण शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.